परदेशी निघताना खाऊची बॅग: आधी देश, मग बॅग, मग डबा

मुंबई-पुण्याहून मुलांकडे अमेरिकेला, दुबईला, ऑस्ट्रेलियाला निघालेल्या बॅगेत फराळ, लोणचं, मसाले आणि भाजणी असतेच. यातलं बहुतेक सगळं नीट पोचू शकतं. घोळ होतो तो क्रम उलटा झाल्यामुळे. आधी लाडू वळले जातात, मग डबे भरले जातात, आणि त्या देशात काय चालतं हे आदल्या रात्री कुणाला तरी फोन करून विचारलं जातं. तोवर पेढ्यांचे पैसे खर्च झालेले असतात आणि खसखस मसाल्यात कुटून गेलेली असते. म्हणून किमान दहा दिवस आधी पदार्थांची यादी लिहून काढा आणि पहिल्यांदा देशाचे नियम लावून तिच्यावर काट मारा. त्या देशाच्या कस्टम्स किंवा कृषी खात्याची वेबसाइट स्वतः वाचा. मागच्या वर्षी कुणाचं तरी निभावलं, हा आधार धरू नका.

देशाप्रमाणे यादी

खसखशीपासून सुरुवात करू, कारण तिथे चुकलं तर पदार्थ टाकून सुटका होत नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखशीवर बंदी आहे. ती अफूच्या बोंडातलं बी असल्यामुळे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि त्यासाठी अटक होऊ शकते. सुटी खसखस कुणी मुद्दाम नेत नाही, पण आपल्या स्वयंपाकात ती लपलेली असते. अनारसे खसखशीवरच थापतो. करंजीच्या सारणात ती असते, डिंकाच्या लाडवात असते, कांदा-लसूण मसाल्यात आणि मालवणी मसाल्यात अनेक घरांत भाजून घातलेली असते. आखातात जायचं असेल तर हे पदार्थ खसखस न घालता वेगळे करा. विकतचा मसाला असेल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचा. दुबईत फक्त विमान बदलून पुढे जायचं असलं तरी नियम तोच धरा, कारण बॅग त्याच विमानतळावरून फिरते.

अमेरिकेला जाताना ताजी फळं, ताज्या भाज्या, मांस आणि मांसाचे पदार्थ यादीतून काढा. हापूसची पेटी नेता येत नाही. भारतातला आंबा २००७ पासून अमेरिकेत जातो हे खरं, पण तो व्यापारी मालाच्या मार्गाने, लासलगावसारख्या केंद्रात विकिरण करून आणि तपासणीच्या कागदांसह जातो. बॅगेतल्या आंब्यामागे यातलं काहीच नसतं. ताजा कढीपत्ताही नको. लिंबू-संत्र्याची झाडं मारणारा रोग पसरवणारी सायला नावाची कीड कढीपत्त्याच्या झाडावर जगते आणि तिकडच्या बागायतदारांनी त्या रोगाची मोठी झळ सोसली आहे. घरचा इंद्रायणी किंवा आंबेमोहोर तांदूळ द्यायचा मोह होतो, पण भारतातून आलेल्या प्रवाशाच्या सामानातला तांदूळ अमेरिका येऊ देत नाही. साठवलेल्या धान्यात वर्षानुवर्षं तग धरणाऱ्या खापरा भुंगेऱ्याची तिथे धास्ती आहे.

युरोपीय संघातले देश आणि ब्रिटन इथे भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, खव्याची मिठाई, पनीर, श्रीखंड, तुपाची बरणी हे सगळं गेलं. डबा सीलबंद आहे, नामांकित दुकानाचा आहे, याने फरक पडत नाही. युरोपीय संघात मध माणशी २ किलोपर्यंत चालतो, आणि सुके बोंबील-सुकट माशांच्या २० किलोच्या मर्यादेत बसतात. वासामुळे ते कसे बांधायचे हे पुढे येईलच.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यांत कडक. भारतात जनावरांना लाळ्या-खुरकूत होतो म्हणून ऑस्ट्रेलिया इथली दुधाची मिठाई घेऊ देत नाही. न्यूझीलंडमध्ये मध अजिबात चालत नाही, आणि धोक्याची वस्तू जाहीर न केल्याचा जागेवरचा दंड ४०० न्यूझीलंड डॉलर आहे. या दोन देशांसाठी बेसनाचे किंवा रव्याचे लाडू, चकली, शेव, शंकरपाळे, चटण्या आणि सीलबंद मसाले यांवर भर द्या. तेही जाहीर करूनच न्या.

सुकं खोबरं

खोबऱ्याच्या वाट्या किंवा खोबऱ्याचा कीस विमानात हातातल्या सामानातही नको आणि चेक-इनमध्येही नको. आपल्याला हे विचित्र वाटतं, पण कारण पक्कं आहे. वाळलेल्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. हवा आणि ओल लागली की ते तेल हळूहळू तापत जातं आणि कोंदट जागेत ढीग असेल तर पेट घेऊ शकतं. म्हणून आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे (यूएन १३६३), आणि आपोआप पेटणाऱ्या पदार्थांच्या वर्गात ते मोडतं. अख्खा नारळही एरवी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२२ च्या अखेरीस त्यात मुदतीची सूट द्यावी लागली होती.

खोबरं भाजून, कुटून मसाल्यात गेलं की तो तयार मसाला होतो आणि चेक-इनमध्ये जातो. तेव्हा गोडा मसाला इथूनच करून न्या. वाट्या तिकडच्या भारतीय दुकानात मिळतात.

कुठली बॅग

केबिनमध्ये न्यायचं ते फक्त प्रवासात खायचं, आणि मोडण्याची भीती असलेला एखादा डबा. बाकी सगळं चेक-इनमध्ये.

आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रव पदार्थाची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी चालत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून १ लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत बसाव्या लागतात. द्रव म्हणजे फक्त पाणी आणि सरबत नव्हे. ओतता येतं, पसरवता येतं, दाबलं की आकार बदलतो, असं सगळं त्यात धरतात. तूप, लोणचं, दही, श्रीखंड, आमरस, ओली चटणी, मुरांबा, काकवी, कोकमाचं आगळ, सगळं द्रव. २०० मिलीच्या बरणीत तळाशी ५० मिली मुरांबा उरलाय, हा युक्तिवाद चालत नाही. बघतात ते बरणीचं माप. तान्ह्या बाळाचं दूध आणि पेज याला सूट आहे, पण प्रवासाला पुरेल इतकंच.

तिखट, मिरपूड आणि मसाल्याची पूड केबिनमध्ये नको. डोळ्यांत फेकता येते म्हणून ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात. अमेरिकेच्या विमानात तर ३५० मिलीच्या डब्याहून जास्त पूड हातात असेल तर वेगळी तपासणी होते. भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, नाचणीचं सत्त्व या साऱ्याला तो नियम लागू होतो.

आता लाडवांचं. क्ष-किरणाच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. बेसनाच्या लाडवांचा गच्च भरलेला डबा म्हणजे एक जाड, एकसंध नारिंगी ठोकळा, आणि स्फोटकंही तशीच दिसतात. तपासणाऱ्याला तो उघडायलाच लागतो. स्टीलच्या डब्यात ठेवलं तर आतलं नीट दिसतही नाही, मग डबा हमखास उघडला जातो. म्हणून केबिनमधला खाऊ पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात, एका वेगळ्या कापडी पिशवीत, बॅगेच्या सगळ्यांत वर ठेवा. पिशवी स्वतःहून ट्रेमध्ये काढून ठेवली की दोन मिनिटांत सुटका होते.

वजनाची गोष्ट सोपी आहे. अमेरिकेच्या बहुतेक तिकिटांवर २३ किलोची बॅग मिळते. घरच्या काट्यावर ती २२ वर थांबवा, कारण दोन काट्यांत फरक पडतो. बॅग ३२ किलोच्या वर गेली तर जादा पैसे भरूनही घेत नाहीत. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. तिकिटावरचा आकडा तेवढा पाहून घ्या.

लोणचं आणि तेलकट पदार्थ

बॅगेचा सत्यानाश करणारा पदार्थ म्हणजे लोणचं, आणि दोष बहुधा झाकणाचा नसतो. विमान उंचावर गेलं की आतला दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण पाऊण पट होतो, सामानाच्या कप्प्यातही. बरणीत अडकलेली हवा त्यामुळे सुमारे एक तृतीयांश फुगते आणि तेलाला आट्यांमधून बाहेर ढकलते. म्हणजे बरणीत हवा जितकी कमी, तितकी गळती कमी. अर्धी भरलेली मोठी बरणी ही सगळ्यांत वाईट निवड.

असं बांधा:

१. काचेची बरणी नको. रुंद तोंडाची, जाड प्लॅस्टिकची, झाकणाच्या आत मऊ चकती असलेली ५०० ग्रॅमची बरणी घ्या. धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. आत पाण्याचा थेंब राहिला तर आठवड्यात बुरशी धरते.

२. फोडी झाऱ्याने काढून तेल निथळू द्या. फोडींना लागून राहील तेवढंच तेल जाऊ द्या. पोचल्यावर तेल गरम करून, पूर्ण गार करून वरून घालता येतं. गळतीतली निम्मी भीती इथेच संपते.

३. फोडी चमच्याने दाबत बरणी गळ्यापर्यंत भरा. तोंडाच्या कडा कोरड्या फडक्याने पुसा. कडेला मसाल्याचा एक कण राहिला तरी झाकण घट्ट बसत नाही.

४. तोंडावर चिकटणाऱ्या प्लॅस्टिक फिल्मचे दोन थर ताणून लावा, त्यावर झाकण फिरवा. झाकण ज्या दिशेने घट्ट होतं त्याच दिशेने चिकटपट्टीचे तीन वेढे घ्या. उलट दिशेने घेतले तर पट्टी ओढताना झाकण सैल होतं.

५. बरणी वर्तमानपत्रावर रात्रभर उलटी ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा डाग असेल तर बरणी बदला. आणखी चिकटपट्टी लावून ती सुधारत नाही.

६. झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, वर्तमानपत्रात गुंडाळा, पुन्हा दुसऱ्या पिशवीत घाला. बॅगेच्या मधोमध, टॉवेलमध्ये उभी ठेवा. बॅगेच्या कडेला ठेवलेली बरणी आपटते.

दुकानातून घेणार असाल तर तोंडावर चंदेरी सील असलेलीच बरणी घ्या. तूप, काकवी, आगळ यांनाही हीच रीत. मुरांबा मात्र पाक घट्ट करून भरला तरच न्यावा.

फराळ आणि पिठं

तळलेलं आणि भाजलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. घाईत कोमट चकली भरली की वाफ आत अडकते, चकली सादळते आणि तिकडे पोचेपर्यंत खवट लागायला लागते. करंज्या-चकल्या निघण्याच्या तीन-चार दिवस आधी तळाव्यात. दोन आठवडे आधी करून ठेवलेल्यांना तेलाचा वास येतो.

चकलीला चौकोनी, टणक डबा हवा. तळाशी टिशूची घडी, त्यावर चकल्या आडव्या रचा, प्रत्येक थरावर बटर पेपर. डबा हलवल्यावर आवाज आला तर मोकळ्या जागेत चुरगाळलेला कागद भरा. आवाज येतोय म्हणजे चकल्या आपटताहेत, आणि अठरा तासांच्या प्रवासात त्यांचा चुरा होतो. अनारसे तर त्याहून नाजूक, ते हातातच न्यावेत.

पातळ पोह्यांचा चिवडा जागा फार खातो आणि वजनाला हलका असतो. बॅग वजनाने भरायच्या आधी आकाराने भरते, म्हणून एक किलोच्या वर चिवडा नेऊ नये असं आमचं मत आहे. त्या जागेत तीन किलो भाजणी बसते, आणि चिवडा तिकडच्या पोह्यांत आपला मसाला घालून दहा मिनिटांत होतो. चिवडा न्यायचाच तर पिशवीतली हवा अर्धीच काढा. पूर्ण काढली तर पोहे मोडतात, अजिबात नाही काढली तर पिशवी उंचावर फुगून फाटते.

लाडू वळताना तूप थोडं कमी घाला आणि नेहमीपेक्षा लहान वळा. ४० ग्रॅमचा लाडू धरला तर किलोत पंचवीस बसतात. उन्हाळ्यात बॅग विमानतळावर तापते, तेव्हा तुपाने भिजलेले मोठे लाडू बसतात आणि एकमेकांना चिकटतात.

मसाले, भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ यांना व्हॅक्यूम पॅकिंग सगळ्यांत चांगलं. दादर, ठाणे, पुण्यातली बरीच फराळाची दुकानं थोड्या पैशांत करून देतात. प्रत्येक पाकीट ५०० ग्रॅमचं करा, म्हणजे अधिकाऱ्याने एक फोडलं तरी बाकीची शाबूत राहतात. हिंग, सुकट आणि बोंबील यांना व्हॅक्यूमवर आणखी एक डबा आणि त्यावर एक पिशवी हवीच, नाहीतर कपड्यांना वास बसतो आणि धुऊनही जात नाही.

व्हॅक्यूममुळे ओला पदार्थ टिकतो हा मात्र गैरसमज. पुरणपोळी, खव्याची पोळी, ओल्या नारळाची करंजी हवा काढून बांधली तरी बाहेरच्या उष्म्यात खराब होते. हवेशिवाय वाढणारे धोकादायक जंतू तर अशाच पाकिटात फावतात. पुरणपोळी २४ तास गोठवून, कागदात गुंडाळून, थर्मल पिशवीत घालून आठ-दहा तासांच्या दारापासून दारापर्यंतच्या प्रवासाला नेता येते. पोचल्यावर मधली पोळी हाताला गार लागली पाहिजे. नाही लागली तर टाकून द्या. लांबच्या प्रवासाला गुळाची पोळी न्या, ती आठवडाभर सहज टिकते.

घरच्या प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत लेबल चिकटवा: पदार्थाचं नाव, त्यात काय आहे, कधी केलं. ‘लाडू’ एवढंच लिहून तिकडच्या अधिकाऱ्याला काही कळत नाही. ‘ग्रॅम फ्लोअर, शुगर, घी, कार्डमम, नो मीट, नो एग’ असं लिहिलं की प्रश्न कमी होतात.

मासे आणि फेणी, थोडक्यात

देशातल्या देशात पापलेट-सुरमई न्यायची तर साफ करून, गोठवून, थर्मोकोलच्या खोक्यात. साधा बर्फ काउंटरवर अडतो, कारण तो वितळून पाणी इतरांच्या सामानावर जातं. सुका बर्फ विमान कंपनीच्या परवानगीने माणशी २.५ किलोपर्यंत चालतो. तो वितळत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो, म्हणून खोकं हवाबंद करू नका. वायू बाहेर पडायला जागा नसेल तर खोकं फुटतं. गोव्याची फेणी दुकानातल्या सीलबंद बाटलीतच, चेक-इनमध्ये. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेलं पेय माणशी ५ लिटर ही विमानाची मर्यादा. उतरायच्या ठिकाणची मर्यादा सहसा याहून बरीच कमी असते.

वाटेत खायला

विमानातलं कोरडं वारं आणि कमी दाब यामुळे जिभेला चव कमी लागते, म्हणून घरचा साधा तिखट-आंबट घासही तिथे बरा वाटतो. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या यासाठी सगळ्यांत उत्तम. भाजल्यावर एकेक पसरून गार करा आणि मगच रचा. दोन दिवस मऊ राहतात. बरोबर शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, गुळाचा खडा, तिखटमिठाच्या पुऱ्या. बटाट्याची सुकी भाजी न्यायची तर कांदा आणि ओलं खोबरं न घालता, आणि चार-पाच तासांत संपवायची. दहीभात, पुलाव, भाताचं काहीही नको. शिजलेल्या भातात उरणारे जंतू उष्म्यात झपाट्याने वाढतात, आणि नंतर गरम केलं तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. उकडलेली अंडी, मासे आणि लसणाची चटणी शेजाऱ्यांचा विचार करून घरीच ठेवा. हात पुसायला ओला रुमाल, उरलंसुरलं घालायला एक रिकामी झिपची पिशवी.

उतरण्याआधी या पिशव्या तपासा. विमानात दिलेलं सफरचंद किंवा अर्धवट खाल्लेलं केळं पर्समध्ये राहिलं, तरी अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ते जाहीर न केलेलं फळ ठरतं. खाऊन टाका, नाहीतर विमानातच सोडा.

कस्टम्सच्या काउंटरवर

फॉर्मवर किंवा मशीनवर खाण्याचे पदार्थ आणलेत का, असा प्रश्न येतो तिथे ‘हो’ म्हणा. सगळ्यांत जास्त नुकसान ‘नाही’ म्हटल्याने होतं. जाहीर केलेला पदार्थ चालत नसेल तर अधिकारी तो काढून घेतात आणि जाऊ देतात. लपवलेला सापडला तर दंड होतो, नाव नोंदलं जातं, आणि पुढच्या प्रत्येक वेळी बॅग उघडली जाण्याची शक्यता वाढते. इंग्रजी फारसं येत नसलेल्या आई-वडिलांना पाठवत असाल तर पदार्थांची इंग्रजीत टाइप केलेली एक पानी यादी पासपोर्टबरोबर द्या, वर ठळक लिहा की सगळे पदार्थ घरगुती वापरासाठी आहेत. अधिकाऱ्यासमोर ती पुढे केली की काम होतं. खाऊ सगळा एकाच बॅगेत असेल तर तेवढीच बॅग उघडली जाते. दोन्हीत विभागला तर दोन्ही उघडाव्या लागतात, आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर तो वेळ महागात पडतो.

घरी पोचल्यावर खाऊची बॅग त्याच दिवशी रिकामी करा. लोणच्यात तेल घाला, पिठं आणि भाजणी फ्रीजरमध्ये टाका, लाडवांचा डबा उघडून तासभर हवा लागू द्या आणि मग बंद करा.